धरणातून पाणी सोडायची वेळ बदलली तर नदीतले मासे खरंच वाढतात का?

वाढू शकतात. पण तुम्ही प्रश्नात जे लिहिलंय ना, की कृष्णेत उन्हाळ्यात मासे मरून वर आले की कोयनेतून पाणी सोडतात आणि त्याने नदी वाचते का, तर ती जरा वेगळी गोष्ट आहे, तिकडे नंतर येतो. आधी जिथे हे मोजूनमापून केलंय तिथलं सांगतो.

मी मूळचा कराडकडचा, सध्या ॲरिझोनात नोकरीला, आणि गळ टाकायचा नाद काही सुटला नाही. इथे कोलोरॅडो नदीवर ग्लेन कॅनियन धरणाच्या खाली लीज फेरी म्हणून जागा आहे, ट्राउटसाठी एकदम फेमस. तिथे जाणारा माणूस हवामान नंतर बघतो, आधी धरणातून आज किती वाजता किती क्युसेक सोडणार ते बघतो, कारण हे धरण विजेच्या मागणीवर चालतं, म्हणजे लोकांनी एसी लावले की टर्बाइन जोरात आणि रात्री सगळे झोपले की पाणी कमी. 1963 ला पाणी अडवलं, आणि पुढे 1991 पर्यंत हजार ते 31,500 क्युसेकच्या मध्ये कितीही वरखाली करायची मुभा होती! नंतर मर्यादा घातली, एरवी 25 हजाराच्या वर जायचं नाही, दिवसा 8 हजार आणि रात्री 5 हजाराच्या खाली यायचं नाही. तरी रोजची भरती-ओहोटी राहिलीच.

आता यात माशांचं काय बिघडलं? माशांचं थेट नाही, त्यांच्या खाण्याचं बिघडलं. नदीतले बरेच किडे संध्याकाळी काठावरच्या दगडांना, अगदी पाण्याच्या रेषेवर अंडी चिकटवतात. रात्री पाणी उतरलं की ती अंडी उघडी पडतात आणि वाळून मरतात. रोज संध्याकाळी घातली, रोज रात्री मेली, असं वर्षानुवर्षं चाललेलं. मेफ्लाय, स्टोनफ्लाय हे माशांचं आवडतं खाणं तिथे जवळपास नाहीच, चिलटांच्या अळ्यांवर सगळा कारभार.

हे शोधलं कसं ते मला फार आवडतं. ग्रँड कॅनियनमध्ये राफ्टिंगला नेणारे गाईड असतात, त्यांना शास्त्रज्ञांनी एक लाईट आणि बाटली दिली, रोज मुक्कामाच्या ठिकाणी अंधार पडल्यावर दिवा लावायचा आणि जे किडे पडतील ते बाटलीत भरून आणून द्यायचे, बस. असे हजारो नमुने जमले. धरणातून सोडलेल्या पाण्याची लाट खाली पोचायला वेळ लागतो, त्यामुळे कुठे संध्याकाळी पाणी चढलेलं असतं तर कुठे त्याच वेळेला उतरलेलं. जिथे संध्याकाळी पाणी आधीच उतरलेलं होतं तिथे चिलटं जास्त सापडली, कारण अंडी खालच्या पातळीलाच घातली जातात आणि मग ती पाण्यातच राहतात. 2016 ला हा पेपर आला.

मग 2018 पासून धरण चालवणाऱ्यांनी मे ते ऑगस्टमध्ये शनिवार-रविवार पाणी कमी आणि एकसारखं ठेवलं, म्हणजे निदान त्या दोन दिवसांत घातलेली अंडी पाण्यातच राहतील, बाकी दिवस नेहमीसारखं. शनिवार-रविवारच का, तर विजेला मागणी कमी. मुख्य मुद्दा हा की महिन्याचं एकूण पाणी तेवढंच, एक थेंब जास्त सोडला नाही. तरी कॅडिसफ्लाय (हाही मासे खातात असा नदीतला किडा) वाढल्याचं पहिल्याच वर्षी दिसलं.

पण सगळं गोड आहे असंही नाही. ट्राउट हा तिथला मूळचा मासाच नाही, मूळचा म्हणजे हंपबॅक चब वगैरे, त्यांना कोमट गढूळ पाणी हवं आणि धरणाच्या तळातून येतं थंडगार नितळ. बरं, दुष्काळाने धरण एवढं उतरलं की वरच्या थरातलं गरम पाणी टर्बाइनमधून जायला लागलं, आणि 2022 ला धरणाखाली स्मॉलमाऊथ बास सापडला जो चबची पिल्लं खातो. म्हणून 2024 ला मुद्दाम खालच्या पाइपातून थंड पाणी मिसळून सोडलं, त्या पाण्यावर वीज होत नाही, म्हणजे सरळ पैशाचं नुकसान. शेवटी कुठला मासा वाचवायचा हे पण माणसंच ठरवतात.

आता आपल्याकडचं. कोयनेच्या वीजनिर्मितीचं बहुतेक पाणी डोंगरातून पश्चिमेला वाशिष्ठीत जातं, आपल्या बाजूला उन्हाळ्यात येतं ते मुख्यतः पायथा वीजगृहातून, दोन्ही युनिट चालू असली की 2,100 क्युसेक. ते टेंभू-ताकारी-म्हैसाळ या उपसा योजनांच्या आणि सिंचनाच्या मागणीवर सुटतं. आवर्तन, म्हणजे पाणी कधी आणि किती दिवस सोडायचं, ते ठरवायला कालवा सल्लागार समिती बसते, तिथे ऊस असतो, पिण्याचं पाणी असतं, मासा कोणाच्या तोंडी नसतो. गंगेसाठी केंद्राने 2018 ला अधिसूचना काढून वरच्या टप्प्यात कमीत कमी प्रवाह ठरवून दिला (नदीच्या त्या वेळच्या सरासरी प्रवाहाच्या नोव्हेंबर ते मार्च 20 टक्के, पावसाळ्यात 30), पण ती फक्त गंगेपुरती.

आणि तुमच्या प्रश्नातलं मासे मेल्यावर सोडलेलं पाणी म्हणजे मळी आणि सांडपाणी पुढच्या बंधाऱ्यापर्यंत ढकलणं, थोडा ऑक्सिजन मिळतो इतकंच. सांडपाणी बंद होत नाही तोवर पाण्याचं वेळापत्रक कितीही भारी करा, उपयोग नाही, हे माझं स्पष्ट मत.

तरी तुमच्याकडच्या मच्छीमार सोसायटीने काही मागायचंच असेल तर नुसतं "पाणी सोडा" असं निवेदन देऊ नका. दोन गोष्टी मागा, एक म्हणजे पाणी एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने कमी करा, नाहीतर काठच्या डबक्यात पिल्लं अडकतात. दुसरं, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) जूनमध्ये चढणीचे मासे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर जाणारे, निघायच्या आधी काढा. दोन्हीला जादा पाण्याचा कोटा लागत नाही, त्यामुळे "पाणीच शिल्लक नाही" हे उत्तर तरी देता येणार नाही त्यांना.