‘व्हर्च्यू’ला मराठीत नेमका शब्द कोणता? रोजच्या बोलण्यात तो कसा वापरतात?

शब्दकोशातलं उत्तर ‘सद्गुण’. पण सद्गुण हा भाषणातला, निरोपसमारंभातला शब्द. घरात कुणी ‘त्याच्यात फार सद्गुण आहेत’ म्हणत नाही. ‘पोरगा गुणी आहे’ म्हणतात, संपलं.

खरी गंमत नुसत्या ‘गुण’मध्ये आहे. परीक्षेतले मार्क म्हणजे गुण, पत्रिका जुळवताना 36 पैकी मोजतात तेही गुण, आणि औषध लागू पडलं की ‘गुण आला’. आमच्याकडे म्हापशात ताप उतरला की शेजारची मावशी कुंपणावरून कोंकणीत विचारते, ‘गूण पडलो मगो?’ तिथे नीतीचा संबंध नाही, पण वस्तूच्या अंगची ताकद हा अर्थ ‘व्हर्च्यू’लाही आहेच, वनस्पतींच्या औषधी गुणांना इंग्रजीत तो शब्द वापरत. त्याचं मूळ लॅटिन ‘व्हिर्तुस’, म्हणजे मर्दपणा, शौर्य. चांगुलपणा मागाहून चिकटला.

स्वर जरा बदला, की शब्द उलटतो. ‘काल लग्नात काय गुण उधळलेस!’ ही तारीफ नव्हे. ‘वाण नाही पण गुण लागला’ हेही वाईट संगतीबद्दलच.

‘बाय व्हर्च्यू ऑफ’चं भाषांतर करताना मात्र सद्गुण आणू नका. तिथे ‘-च्या नात्याने’ किंवा ‘-च्या बळावर’: ‘सरपंच या नात्याने सही केली.’ सरपंच सद्गुणी असेलच असं नाही.

आणि पुण्य? ते कमावतात, साठवतात. गुण अंगात असावा लागतो.