बाळाचे दोन पासपोर्ट?

प्रश्न : आम्ही दोघे भारतीय नागरिक, मुलीचा जन्म न्यू जर्सीतला. तिला पुण्याला आणण्यासाठी दोन्ही देशांचे पासपोर्ट काढावेत का?

उत्तर : नाही. जन्माने अमेरिकन नागरिक असलेल्या तुमच्या मुलीला, ती तान्ही असली तरी, अमेरिकेतून बाहेर पडताना आणि परतताना अमेरिकन पासपोर्टच लागेल; तो काढताना सर्वसाधारणपणे आईवडील दोघांनीही हजर राहावे लागते आणि सोळा वर्षांखालील मुलांसाठी तो ५ वर्षेच चालतो. भारतात येण्यासाठी त्यावर व्हिसा किंवा सोबत ओसीआय कार्ड (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते कार्ड) हवे. नावात ‘नागरिक’ असले तरी हे कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे, ही गल्लत फार जण करतात. पासपोर्ट बदलला, की विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक वेळी त्याची प्रत ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवावी. एकट्या पालकाने प्रवास करताना दुसऱ्याचे नोटरी केलेले संमतिपत्र जवळ ठेवलेले बरे.