गाणं नाकारलं, की पोचलंच नाही?

"मॅडम, गाणं येऊन अकरा दिवस झाले. आणि हे बघा."

खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्याने फोन माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर 212, गाणं एकूण तेवढ्याच वेळा ऐकलं गेलेलं. मी तो आकडा वाचेपर्यंत त्याच्या अंगठ्याने पान पुन्हा रिफ्रेश केलंसुद्धा. 212च.

वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे. गिटार शिकवून पोट चालतं, उरलेल्या वेळात स्वतःची गाणी. कुठल्या कंपनीशी करार नाही, पाठीशी कोणी नाही. पहिलं गाणं दीड वर्ष घासूनपुसून बाहेर काढलेलं. (त्याच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून लिहिते आहे.) त्याचा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे बरेच कलाकार आपापल्या शब्दांत विचारतात: जाणकार म्हणतात काम चांगलं आहे, मग लोक का ऐकत नाहीत? पैसे टाकून प्रसिद्धी करून घेऊ, की आपली कुवतच नाही हे कबूल करून थांबू?

त्या दिवशी मी दोन्हीचं उत्तर टाळलं. आधी झोपेचं विचारलं. रात्री तीनला जाग येते, आकडा बघतो, मग डोळ्याला डोळा लागत नाही. जेवण? होतं. जगणं नकोसं वाटतं का कधी? "नाही मॅडम, तेवढं नाही." हे मी सरळ शब्दांत विचारते, आडून नाही. उत्तर वेगळं आलं असतं तर गाण्याबिण्याचं सगळं बाजूला ठेवून त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

मग म्हटलं, "तुम्हाला नाकारलं कोणी कोणी, ते सांगा."

"मला अरे-तुरेच करा," तो म्हणाला, आणि उधारीची यादी वाचावी तसं धडाधड सांगत सुटला. प्लेलिस्ट निवडणारे संपादक. 140 पत्रकार आणि रेडिओवाले. मित्र. विद्यार्थी. आणि 'लोक'. मी कागद पुढे केला. प्रत्येक नाव लिही आणि समोर लिही, नाकारलं हे तुला कशावरून कळलं.

संपादकांपाशी तो पहिल्यांदा अडखळला. गाणं त्याने मंगळवारी चढवलं होतं आणि शुक्रवारी प्रसिद्ध केलं. स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या सेवेच्या संपादकांपुढे फक्त अजून प्रसिद्ध न झालेलं गाणंच ठेवता येतं, आणि आपल्या फॉलोअर्सच्या 'रिलीज रडार' या नव्या गाण्यांच्या यादीत ते नक्की यावं असं वाटत असेल तर किमान 7 दिवस आधी. हे त्याला कळलं तेव्हा गाणं बाहेर आलेलं होतं. म्हणजे संपादकांनी गाणं ऐकून बाजूला टाकलं नव्हतं. त्यांच्यापुढे ते ठेवलंच गेलं नव्हतं.

140 जणांचा ईमेल त्याने मला दाखवला. सगळे पत्ते एकाच ओळीत चिकटवलेले, सोबत गाण्याची जडशीळ फाइल. "आदरणीय सर/मॅडम, मी एक होतकरू स्वतंत्र कलाकार असून..." मी मोठ्याने वाचायला लागले. तिसऱ्या ओळीला त्यालाच हसू फुटलं. पूर्ण ईमेलमध्ये गाणं कशाबद्दल आहे हे कुठेही नव्हतं.

मित्रांच्या ग्रुपवर लिंक टाकली होती, तीन अंगठे आले होते. एकेकाला वेगळं विचारलंस का? "आपणच आपली टिमकी कशी वाजवायची, मॅडम?"

तासाच्या शेवटी कागदावर खरा नकार एकच उरला. रेडिओवरच्या एका निवेदिकेने कळवलं होतं की हे आमच्या कार्यक्रमात बसत नाही. गंमत म्हणजे तो तिला विसरूनच गेला होता. उत्तर देणारी ती एकटी, आणि नेमका तिच्या नकाराचा त्याला त्रास झालेला नव्हता. त्रास होता तो शांततेचा. न ऐकलं गेलेलं तो 'ऐकून नाकारलेलं' म्हणून मोजत होता, आणि अशी बेरीज करत गेलं की सगळं जगच विरोधात भरतं.

पुढच्या भेटीत मात्र तो खुशीत आला. झोप लागते म्हणाला. आकडा नऊ हजारांवर गेला होता. 'प्रमोशन' करणाऱ्या कोणालातरी त्याने दोन महिन्यांच्या शिकवण्यांची कमाई दिली होती. इथे माझी चूक कबूल करते. पैसे टाकावेत का, हे त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि मी 'नंतर बघू' म्हणून ते बाजूला ठेवलं होतं. त्याच वेळी मी स्पष्ट बोलायला हवं होतं.

दहा दिवसांनी वितरकाचा, म्हणजे स्ट्रीमिंग सेवांपर्यंत गाणं पोचवणाऱ्या कंपनीचा, ईमेल आला: कृत्रिम प्ले आढळले, गाणं काढण्यात आलं आहे. असे प्ले माणसं ऐकत नाहीत, यंत्रं चालवतात, आणि स्ट्रीमिंग सेवा ते हुडकून काढतात. 2024 पासून स्पॉटिफाय अशा उघड प्रकारांसाठी लेबल आणि वितरकांना दंड लावतं, त्यामुळे वितरकही हयगय करत नाहीत. 'हमखास इतके प्ले' असं जिथे कोणी म्हणतं, तिथून उठून यावं. गाणं कोणाच्या कानापर्यंत नेण्याचा प्रयत्न विकत घेता येतो. ते त्याला आवडेलच याची हमी कोणालाच देता येत नाही.

त्या भेटीत तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "हजारसुद्धा होत नव्हते म्हणून केलं." मागच्या 12 महिन्यांत किमान 1,000 वेळा ऐकलं न गेलेलं गाणं स्पॉटिफायच्या रॉयल्टी वाटपात धरलं जात नाही, हा 2024 पासूनचा नियम त्याने वाचला होता. पैशाच्या हिशेबाचा हा नियम, पण त्याने तो निकालपत्रासारखा वाचला: हजाराखाली म्हणजे गाणंच नव्हे. मुळात 30 सेकंद ऐकलं की तिथे एक प्ले धरतात. 30 सेकंद थांबलेल्या माणसाला काय वाटलं, हे त्या आकड्यात कुठून येणार?

मला संगीतातलं फार कळत नाही. म्हणून त्याला एका ज्येष्ठ गायिकेशी जोडून दिलं, जिने आयुष्यभर स्वतःची गाणी स्वतःच काढली आहेत. तो कचरत होता. मार्गदर्शन म्हणजे उद्या वाटा मागतील अशी शंका. बाईंनी वाट्याचाच विषय पहिला काढला, पण वेगळ्या अंगाने. चाल एकट्याची की मित्रासोबत? ध्वनिमुद्रणाचा खर्च कोणाचा? रचनेची मालकी एक, ध्वनिमुद्रणाची दुसरी. दोन्हींचे हिस्से एका कागदावर लिहून सह्या घेतल्याशिवाय प्रसिद्धीचं नावही काढू नकोस. मित्राने तासाभरात सही केली. इतके दिवस याला ते विचारायचीच लाज वाटत होती.

मग त्या म्हणाल्या, तेच गाणं नुसत्या गिटारवर पुन्हा रेकॉर्ड कर. ध्वनिमुद्रण नवं, म्हणून त्याचा 12 अक्षर-अंकांचा आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांकही, नवा. तारीख सहा आठवडे पुढची.

आमच्याकडे दरम्यान वेगळंच निघालं. चौथ्या भेटीत तो सहज बोलून गेला की हे गाणं बाबांना ऐकू येईनासं झालं तेव्हाचं. ते आता गिटारच्या अंगावर तळहात ठेवून बसतात, आणि तो वाजवतो.

मी लिहिता लिहिता थांबले. "हे तू त्या 140 जणांतल्या कोणालाच सांगितलं नाहीस?"

"बाबांचं दुखणं विकायचं का?"

हा संकोच मला मोलाचा वाटला. 'गोष्ट सांगा, गोष्टीनेच प्रसिद्धी मिळते' असं आजकाल जो तो सांगतो. गोष्ट कोणाची आहे हे फारसं कोणी विचारत नाही. मी त्याला एवढंच म्हटलं की याचा निर्णय तू किंवा मी घ्यायचा नाही, वडिलांना विचार. त्याने कागदावर प्रश्न लिहून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी खाली लिहिलं: "माझं नाव, फोटो नको. बाकी लिही. दुसरं कडवं लांबलंय." कागद घडी करून तो माझ्याकडे घेऊन आला होता. दुसरं कडवं खरंच लांबलं होतं म्हणे. नव्या ध्वनिमुद्रणात चार ओळी गेल्या.

मुलाखतीत काय बोलायचं नाही याची यादी आम्ही आधीच केली: वडिलांचा आजार नेमका काय, उपचार, घरातलं भांडण. एकदा छापून आलं की परत घेता येत नाही, आणि ऐन मुलाखतीत समोरच्याने प्रेमाने विचारलं की माणूस वाहवत जातो. 'त्याबद्दल नको बोलूया' हे वाक्य त्याने माझ्यासमोर सात-आठ वेळा म्हणून बघितलं. पहिल्या दोन-तीन वेळा 'सॉरी' म्हणूनच सुरुवात व्हायची.

नवा ईमेल चार वाक्यांचा झाला. गाणं कशाबद्दल आहे, कधी येतंय, ऐकण्याची लिंक, आणि 'तुमचं अमुक काम ऐकलं म्हणून तुम्हालाच लिहितोय'. हे शेवटचं वाक्य खोटं लिहायचं नाही असं ठरल्यामुळे यादी 140 वरून अकरावर आली. प्रसिद्धीच्या कामाला मंगळवार आणि गुरुवारचा एकेक तास, त्याबाहेर नाही. आकडा आठवड्यातून एकदा, तोही बाईंसोबत बसून. हा शेवटचा नियम त्याने कितीदा मोडला ते त्यालाच माहीत.

अकरापैकी सात जण गप्प राहिले, दोघांनी नाही म्हटलं. एकाने वृत्तपत्रात छोटं टिपण लिहिलं. आणि कार्यक्रमात बसत नाही म्हणून पूर्वी कळवणाऱ्या त्याच निवेदिकेने गप्पांना बोलावलं. नुसती गिटार तिच्या कार्यक्रमात बसत होती. दोन महिन्यांनी आकडा सहाशेच्या आसपास. कमाई अजून शिकवण्यांचीच. एक नवा विद्यार्थी रेडिओवर ऐकून आला, हे मात्र त्याने मला दोनदा सांगितलं.

रात्रीची जाग पूर्ण गेलेली नाही. दुसऱ्या गाण्याची तारीख त्याने ठरवली आहे, आणि परवा फोन करून विचारलं, "मॅडम, त्याच्या आदल्या आठवड्यात येऊ का? नंतर नाही, आदल्या." डायरीत त्याची वेळ लिहून ठेवली आहे.