निवृत्तीनंतर दिवस खायला उठतो, काय करावं?

मी ५८ व्या वर्षी सरकारी नोकरीतून सुटलो. पहिले दोन महिने सकाळचे नऊ वाजले की हात आपोआप डब्याच्या पिशवीकडे जायचा. मग स्वयंपाकघरात लुडबुड सुरू केली, तर बायको म्हणाली, "अहो, रिटायर तुम्ही झालात, मी नाही!" खरंच होतं. पोळ्या शिकलो. पंधरा दिवस नुसते नकाशे! आता दुपारचा स्वयंपाक माझ्याकडे. सकाळी वाचनालयात पेपर आणि राजकारणावर भांडायला एक हक्काचा मित्र. महाराष्ट्रात ६५ नंतर एसटीचं तिकीट अर्धं, ७५ नंतर फुकट. पण त्याची वाट कशाला बघता, गुडघे साथ देतायत तोवर फिरून घ्या. नोव्हेंबरात हयातीचा दाखला तेवढा विसरू नका, नाहीतर पेन्शन अडकते.