घरातील हिंसा आणि घराबाहेरचे आपण : वाचकांची प्रश्नोत्तरे

कौटुंबिक हिंसाचाराविषयी या सदराकडे यावेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे मार सोसणाऱ्या स्त्रीची नाहीत, तिच्या आसपासच्या माणसांची आहेत, आणि मला ते स्वागतार्ह वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे मदत मागितली होती, तर ७७ टक्के स्त्रियांनी ती गोष्ट कधी कुणाला सांगितलीही नव्हती. अशा वेळी ज्यांना काही ऐकू येते, दिसते किंवा नुसती शंका येते, त्यांच्या वागण्यावर बरेच काही अवलंबून राहते.

प्रश्न : आमच्या वरच्या मजल्यावरील घरातून रात्री वरचेवर मारहाणीचा आणि रडण्याचा आवाज येतो. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, नवरा-बायकोच्या भांडणात आपण पडायचे नसते. उद्या आपल्यावरच उलटले तर, अशीही भीती वाटते. मी काय करावे? (कोथरूड, पुणे)

उत्तर : आधी आपल्या भीतीबद्दल. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. अशी हिंसा घडत असल्याचे किंवा घडण्याची शक्यता असल्याचे ज्याला वाटते, अशी कोणतीही व्यक्ती या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे त्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. ‘आपण पडायचे नसते’ ही सेक्रेटरींची समजूत आहे. कायद्याला ती मान्य नाही.

मारहाण चालू असतानाच आवाज येत असेल आणि जीव धोक्यात आहे असे वाटत असेल, तर ११२ वर फोन करावा. एरवी दोघांनी मिळून वर जावे आणि बेल वाजवावी. पाणी गळते आहे का, गाडी बाजूला घेता का, असे कोणतेही निमित्त चालते. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘बेल बजाओ’ मोहिमेचा आधार हाच साधा अनुभव होता, की दारात तिसरे माणूस उभे राहिले की निदान तेवढ्यापुरता उगारलेला हात खाली येतो. दारात उभे राहून नवऱ्याला उपदेश मात्र करू नये. तिनेच बाहेर सांगितले असा त्याचा समज होतो आणि आपण जिना उतरून गेल्यावर त्याची किंमत तिला मोजावी लागते.

नंतर ती एकटी भेटेल अशी वेळ पाहावी. ‘तू हे का सहन करतेस?’ असे विचारू नये, कारण त्या प्रश्नात नकळत दोष तिच्याच पदरात पडतो. ‘आम्हाला ऐकू येते. तू सांगशील ते करू,’ एवढे म्हटले तरी पुरे. ऐकलेल्या प्रसंगांची तारीख आणि वेळ वहीत टिपून ठेवावी. पुढेमागे तिला साक्षीदार लागला तर ही वही उपयोगी पडते. तातडीचा धोका नसेल, तर तिला न विचारता तक्रार करू नये. केव्हा बोलणे आपल्याला परवडेल, हे तिच्याइतके नेमके दुसऱ्या कुणाला ठाऊक नसते.

प्रश्न : मी आमच्या गावच्या तंटामुक्त समितीचा सदस्य आहे. मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या एका विवाहितेच्या प्रकरणात आम्ही दोन्हीकडची मंडळी बोलावून बैठक घेतली, लिहून घेतले आणि तिला नांदायला पाठवले. तीन महिन्यांत ती पुन्हा मार खाऊन माहेरी आली. आमचे काय चुकले? (सातारा जिल्हा)

उत्तर : आपण विचारलेत, याबद्दल मनापासून आभार, बहुतेक समित्या कागद फाइलला लावून मोकळ्या होतात. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात सुरू झाली, तेव्हा गावातली भांडणे गावातच मिटावीत हा तिचा हेतू होता. बांधावरचे किंवा पाण्याच्या पाळीचे भांडण असे मिटते, कारण तिथे दोन्ही पक्ष साधारण सारख्या ताकदीचे असतात आणि दोघांनी थोडे सोडले की मार्ग निघतो. बायकोला होणारी मारहाण त्या जातीची नाही. मारणारा एक, मार खाणारी एक, आणि बैठक संपल्यावर तिला त्याच्याच घरी, त्याच्याच हाताखाली जायचे असते.

आपण पाठवलेल्या कराराच्या प्रतीतील अटी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. पहिली अट अशी, की पतीने दारू पिऊन मारहाण करू नये. तिच्याखाली पत्नीसाठी चार अटी आहेत : सासूला उलट उत्तर देऊ नये, विचारल्याशिवाय माहेरी जाऊ नये, फोनवर जास्त वेळ बोलू नये, घरातली गोष्ट बाहेर सांगू नये. शेवटच्या तीन अटींनी आपण काय केलेत पाहा. पुन्हा मार बसला तर ती जिथे जाऊ शकली असती, ज्याला फोन करू शकली असती आणि ज्याच्याजवळ बोलू शकली असती, ती तिन्ही दारे समितीच्या सह्यांनिशी बंद झाली. शिवाय अट मोडल्यास काय होईल, याचा कागदात एका शब्दानेही उल्लेख नाही.

समुपदेशन कायद्यालाही मान्य आहे, पण त्याच्या अटी निराळ्या आहेत. २००५ च्या कायद्याखालील २००६ च्या नियमांनुसार न्यायालयाने नेमलेल्या समुपदेशकापुढे प्रतिवादीला हिंसेचे कोणतेही समर्थन मांडता येत नाही आणि हे त्याला समुपदेशन सुरू होण्यापूर्वीच सांगावे लागते. ‘तिने असे केले म्हणून मी मारले’ हे वाक्य तिथे चालत नाही. आपल्या बैठका बहुधा याच वाक्याने सुरू होतात, आणि मग ‘तू तरी असे का केलेस’ या दिशेने सगळी चर्चा वाहवत जाते. समुपदेशनाचा उद्देश पुन्हा हात उचलणार नाही अशी त्याची हमी मिळवणे हा आहे. संसार कसाबसा जोडून देणे त्यानंतरचे, आणि तेही तिची इच्छा असेल तरच.

पती किंवा सासरच्यांनी केलेला छळ हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली, म्हणजे पूर्वीच्या ४९८-अ खाली, तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, हेही समितीने ध्यानात ठेवावे. तक्रार करायची की नाही हे त्या स्त्रीने ठरवावे. ‘गावाचे नाव खराब होईल’ म्हणून तिला थोपवण्याचा अधिकार समितीला नाही. मग समितीने करावे तरी काय? पुष्कळ करता येते. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव आणि नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. ती सांगेल तेव्हा तिच्यासोबत त्यांच्याकडे जावे आणि घटनेचा अहवाल विहित नमुन्यात नोंदवून त्याची प्रत तिला मिळाली की नाही ते पाहावे. ती सासरी परत गेलीच, तर दर आठवड्याला तिला एकटीला भेटणारी एक खात्रीची बाई नेमावी. हे काम समितीतल्या चार ज्येष्ठांपेक्षा बचत गटातली एखादी चाळिशीची बाई अधिक चांगले करते, असे माझे मत आहे. पोलीस ठाण्यात जायला ती बिचकत असेल, तर पोलिसांबरोबर काम करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांच्या विशेष कक्षाची चौकशी करावी. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू झालेले हे कक्ष पुढे राज्यभर पसरले आहेत.

प्रश्न : मी आशा सेविका आहे. गृहभेटीत एका गरोदर बाईच्या अंगावर वळ दिसले. नवरा मारतो, गळाही दाबतो, असे तिने सांगितले, पण कुणाला सांगू नका म्हणून शपथ घातली. मी शपथ पाळू की कळवू? (पालघर जिल्हा)

उत्तर : तिने आपल्याला सांगितले, म्हणजे शपथ घालता घालता तिने एक दार उघडले आहे. ते बंद होऊ देऊ नये; पण तिने सांगितलेल्या दोन गोष्टी हलक्यात घेण्यासारख्या नाहीत. गरोदरपणातली मारहाण आणि गळा दाबणे ही जिवावर बेतण्याची चिन्हे मानली जातात. गळा दाबल्यावर बाहेर खूण दिसत नसली, तरी आवाज बसणे, गिळताना दुखणे किंवा चक्कर येणे असे काही झाले असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते. तिला हे समजावून सांगावे आणि गरोदरपणाच्या तपासणीचे निमित्त करून दवाखान्यात न्यावे. त्या निमित्ताला घरातले सहसा हरकत घेत नाहीत.

दवाखान्यात केस पेपरवर काय लिहिले जाते, याकडे लक्ष असू द्यावे. ‘घरात पडून इजा’ अशी नोंद झाली, तर दोन वर्षांनी न्यायालयात तो कागद तिच्याच विरुद्ध जातो. ‘पतीने हाताने मारल्याचे व गळा दाबल्याचे रुग्ण सांगते’ असे तिच्याच शब्दांत लिहिले गेले, तर तोच कागद तिचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. पोलीस तक्रार नको असली, तरी वैद्यकीय मदत नाकारता येत नाही. मुंबई महापालिकेने ‘सेहत’ या संस्थेच्या साथीने २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले, ते याच विचाराने, की पोलिसांकडे कधीही न जाणारी बाई दवाखान्यात मात्र येतेच, आणि तिला ओळखणे डॉक्टर व परिचारिकांना शिकवता येते.

तिच्या घरी माहितीपत्रक ठेवून येऊ नये. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिला पाठ करायला सांगावा किंवा फोनमध्ये दुसऱ्या नावाने साठवून द्यावा. आधार कार्ड, बँक पासबुक, बाळंतपणाचे कार्ड, थोडे पैसे आणि कपड्यांचा एक जोड शेजारी किंवा माहेरच्या विश्वासातल्या माणसाकडे ठेवता येतो का, हे तिच्याशी बोलून ठरवावे. रात्री पळावे लागले तर कुणाचे दार ठोठवायचे, हेही आधीच ठरलेले बरे. जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, समुपदेशन आणि कायदेशीर मदत एकाच ठिकाणी मिळते. शपथेचे म्हणाल, तर तिचे नाव न घेता आपल्या गटप्रवर्तकांचा सल्ला आजच घ्यावा. पण जीव जाण्याची वेळ आली तर मी गप्प बसणार नाही, हे तिला आधीच आणि स्पष्टपणे सांगून ठेवावे. मागाहून तिच्या नकळत कळवण्यापेक्षा ते कितीतरी प्रामाणिक आहे.

प्रश्न : माझी बहीण चार वर्षांच्या मुलीला घेऊन नाशिकहून माहेरी आली आहे. वडील म्हणतात, पंधरा दिवस राहू दे, मग समजूत घालून पाठवू. घर सासूच्या नावावर आहे, म्हणून तिचा त्यावर हक्क नाही, असे सासरचे म्हणतात. केसही नाशिकलाच करावी लागेल का? (जळगाव)

उत्तर : नाही. ती सध्या तात्पुरती राहते त्या ठिकाणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो, म्हणजे जळगावला. घराबद्दल सासरचे सांगतात ते २०२० पर्यंत काही प्रमाणात खरे होते. त्या वर्षी सतीश चंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नवऱ्याच्या नातेवाइकाच्या मालकीच्या घरातही पत्नी संसार करून राहिली असेल, तर ते तिचे सामायिक घर ठरू शकते आणि केवळ मालकी दुसऱ्याची म्हणून तिला तिथून हाकलता येत नाही. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे.

‘केस’ म्हटले की वडिलांच्या डोळ्यांपुढे जावयाच्या हातातल्या बेड्या येत असाव्यात. २००५ च्या कायद्याखालचा अर्ज मुख्यतः संरक्षण, निवास, खर्च आणि मुलीचा ताबा यांच्या आदेशांसाठी असतो. अर्ज केला म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. संरक्षणाचा आदेश मोडला, तर मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अंतरिम आदेशाची मागणी पहिल्याच दिवशी करावी. वकिलाच्या खर्चाची चिंता नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. चौकशीसाठी १५१०० हा नंबर आहे. स्त्रीधनाची यादी आत्ताच करून ठेवावी, लग्नातल्या फोटोंवरून दागिने ओळखता येतात.

वडिलांशी मात्र आपणच बोलावे. पंधरा दिवसांची मुदत ऐकली, की बहीण त्या मुदतीच्या धाकाने निर्णय घेईल आणि सासरचे ती संपण्याची वाट पाहत बसतील. भाचीला जवळच्या बालवाडीत घालणे हे माहेरच्यांचे पहिले काम आहे. त्यातून सासरच्यांना जे कळायचे ते बरोबर कळते.

प्रश्न : मुलगा आणि सून त्रास देतात, मुलगा हातही उचलतो. वय सत्तर आहे, या वयात कुठे जाणार? (एक आजी, ठाणे)

उत्तर : आजी, घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त सुनांसाठी नाही. आईलाही तो लागू आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्णयानंतर सुनेविरुद्धही अर्ज करता येतो. याशिवाय ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा वेगळा कायदा आहे. त्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे वकिलाशिवाय अर्ज करता येतो आणि हा मार्ग आजोबांनाही खुला आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे करून दिले असेल, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर बोलून घ्या.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाला यंदा या विषयावर काम करायचे आहे. गावातले दारू दुकान बंद करणे आणि हिंसेतून बाहेर पडलेल्या महिलांचा सत्कार, असे दोन कार्यक्रम ठरवले आहेत. (सोलापूर जिल्हा)

उत्तर : दुकान बंद करण्यासाठी महिलांच्या मतदानाची तरतूद आहेच. ‘आडव्या बाटली’च्या, म्हणजे दुकान बंद करण्याच्या, बाजूने एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात, केवळ आलेल्यांपैकी निम्मी पुरत नाहीत, त्यामुळे खरी मेहनत घरोघरी जाऊन बायकांना मतदानाला आणण्यात आहे. दुकान बंद झाल्याने घरातला पैसा वाचेल, काही रात्री शांत जातील. पण न पिणारे नवरेही मारतात आणि पिणारे सगळेच मारतात असे नाही. म्हणून मंडळातल्या पुरुषांनी आपसांत बोलणे हा तिसरा कार्यक्रम त्यात घालावा. मुंबईत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिलेली ‘मावा’ ही पुरुषांची संघटना महाविद्यालयीन मुलांबरोबर हेच काम करत आली आहे. मोठ्या भाषणापेक्षा दहा-बारा मुलांची बैठक, आणि तीही माईकशिवाय, अधिक उपयोगी पडते.

सत्कार मात्र करू नये. त्यांतील काही जणींचे खटले चालू असतील, काहींची मुले त्याच शाळेत शिकत असतील, आणि शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो संध्याकाळपर्यंत सासरच्या व्हॉट्सॲप गटात पोहोचतो. त्या पैशांतून एखादीच्या न्यायालयाच्या तारखांचे एसटीचे भाडे वर्षभर भागवता येईल. ते कुणाला दिले, हे मंडळाच्या अहवालात छापू नये.