प्रिंटर आता कुणालाही उघडू देऊ नका

प्रश्न : इंकजेट प्रिंटर कागद ओढताना अडकायचा म्हणून दुरुस्तीला दिला. रोलर बदलून मिळाला. सहाव्या दिवशी ‘पेपर फीड मोटर एरर’ आली. दुरुस्ती करणारा म्हणतो, मोटर गेली, आमच्या कामाशी तिचा संबंध नाही, वेगळे पैसे पडतील. जॉबकार्डावर ‘चालू स्थितीत मिळाला’ या ओळीखाली माझी सही आहे. सात महिने नुसते फोन करतोय. मध्ये एकदा व्हिडिओ बघून मीच झाकण उघडून आतून पुसून घेतलं. या प्रिंटरवर घरून छपाईची थोडी कामंही घेतो. ग्राहक आयोगात जाता येईल का?

उत्तर : जाता येईल. वस्तू बदलते, कधी लॅपटॉप, कधी वॉशिंग मशीन, पण प्रश्न हाच येतो आणि बहुतेकांचा जीव त्या सहीत अडकलेला असतो. सहीची फार चिंता करू नका. नेताना एक पान छापून पाहिलंत आणि ते निघालं, एवढंच ती सही सांगते. रोलर नीट बसवला होता की नाही, हे त्या सहीवरून ठरत नाही.

प्रकरण अडणार आहे ते दुसरीकडे. एरर दुरुस्तीमुळेच आली, हे दाखवायचं कुणी? तुम्ही. सेवेतली त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८(६) नुसार आयोग तक्रार ऐकतो ती प्रतिज्ञापत्रांवर आणि कागदपत्रांवर. रोलर आणि एरर यांचा संबंध जोडणारा एकही कागद आज तुमच्याकडे नाही. सात महिन्यांत दोन ओळींचा ईमेल करायला काय हरकत होती? फोनवर कोण काय बोललं, ते आता कुणाला दाखवणार?

‘मोटर गेली’ हे वाक्य तर तसंच मान्य करू नका. अशाच एका प्रकरणात तंत्रज्ञाने माझ्यासमोर प्रिंटर उघडला होता. कागद ओढणाऱ्या रोलरच्या टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकची एक पातळ चकती होती आणि तिच्यावर अतिशय बारीक काळ्या रेषा. चकती सेन्सरच्या खाचेतून फिरते, सेन्सर रेषा मोजतो आणि रोलर किती फिरला ते बोर्डाला कळतं. मोजणी जुळली नाही की बोर्ड मोटर थांबवतो आणि एरर दाखवतो. त्या चकतीवर अंगठ्याचा ग्रीसचा ठसा होता. मोटर ठणठणीत होती. रोलर बदलताना हात तिथेच जातो. ग्रीस लागणं, चकती खाचेत वाकडी बसणं, पट्टी केबल अर्धवट खोचली जाणं, यातल्या कशानेही ही एरर येऊ शकते. अर्थात आत अडकलेला कागदाचा कपटा किंवा खरोखरच जळालेली मोटरही तीच एरर देऊ शकते. म्हणून पडद्यावरच्या संदेशाने काही सिद्ध होत नाही. आत काय दिसतं, त्यावर तुमची तक्रार उभी राहील.

आणि नेमकी तीच जागा तुम्ही पुसून काढली असण्याची शक्यता आहे. डाग असला तर तो गेला. चकती तुम्हीच हलवलीत, असं समोरचा वकील म्हणणार. तरीही प्रतिज्ञापत्रात हे लपवू नका, लपवलेलं उलटतपासणीआधीच बाहेर येतं. यापुढे मात्र स्क्रूला हात लावायचा नाही.

दुरुस्ती करणाऱ्याला लेखी कळवा की अमुक दिवशी स्वतंत्र तंत्रज्ञाकडून, शक्यतो कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात, तपासणी होणार आहे, हजर राहा. आला नाही तरी पत्राची पोच जपून ठेवा. बंद झाकणापासून व्हिडिओ सुरू करा. रोलर, चकती, केबल आणि दातेरी चाकं यांचे जवळून फोटो घ्या. तंत्रज्ञाचा अहवाल सही-शिक्क्यासह हवा आणि मोटर वेगळी चालवून पाहिली का, हे त्यात लिहिलेलं हवं. प्रिंटर पुन्हा त्याच दुरुस्तीवाल्याकडे ठेवायचा असेल तर नव्या कामाचे पैसे लागणार नाहीत, हे आधी लिहून घ्या. नाहीतर केलेल्या कामाचे पैसे थकले म्हणून तो भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० वर बोट ठेवून प्रिंटर अडवू शकतो.

घरून घेतलेल्या कामांमुळे ‘व्यावसायिक हेतू’चा आक्षेप येऊ शकतो. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला कायद्यात सवलत आहे, पण तुमची कामं किती आणि कशी, यावर ते ठरेल. जॉबकार्डाच्या मागे छापलेल्या अटी वाचल्याशिवाय त्यांच्याबद्दल मत देणार नाही.

ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षांची आहे. सात महिने गेले, आणि तोंडी आश्वासनांनी ही मुदत वाढते असं धरून चालू नका. एवढ्या रकमेच्या तक्रारीला फी लागत नाही. निकाल तीन महिन्यांत, चाचणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि छोट्या तक्रारीचा माणूस त्यातच थकून जातो याची मला चीड आहे. म्हणून आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि अहवाल हातात आला की नोटीस पाठवा.

नोटिशीत ‘मोटर बिघडली’ असं लिहू नका, ते समोरच्याचं म्हणणं आहे. ‘रोलर बदलल्यानंतर सहाव्या दिवशी कागद ओढण्याची यंत्रणा बंद पडली’ असं लिहा आणि त्याखाली दोन्ही तारखा टाका.