काळीतून थंड देशांच्या जंगलमातीकडे

मातीचा अभ्यास करायला निघालास, फार बरं वाटलं. पण आपल्या काळ्या रानाची सवय घेऊन थंड देशांच्या जंगलाची माती तपासू नको. आपली काळी चिकण. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाणी धरून ठेवते. फिनलंड-स्वीडनमध्ये पाइनच्या जंगलाखाली बऱ्याच ठिकाणी हिमनद्यांच्या काळातली वाळू आणि गोटे आहेत. तिथं पाणी थांबतच नाही. थंडीमुळे झाडाच्या सुया लवकर कुजत नाहीत, वर आम्लधर्मी थर साचतो. त्यातून झिरपणारं पाणी लोह आणि ॲल्युमिनियम खाली नेतं. म्हणून वर फिका राखाडी पट्टा, त्याखाली तांबूस. हीच पॉडझॉल माती. खड्डा खणलास की आधी हे दोन पट्टे शोध.

आणि खडे फेकू नको! २ मिलिमीटरपेक्षा मोठे खडे चाळून वेगळे कर, त्यांचं वजन आणि थरात त्यांनी किती जागा व्यापली ते नोंदव. प्रयोगशाळेचा अहवाल फक्त बारीक मातीचा असतो. निम्मी जागा खड्यांनी व्यापली असेल तर मुळांना मिळणारं अन्नपाणी त्याच हिशेबाने कमी धर. नवखे नेमकं हेच विसरतात.

गावाबाहेरच्या बरडीवर, मुरमात हा सराव आत्ताच करता येईल. पट्टे दिसणार नाहीत, पण खड्यांचा हिशेब हाताला बसेल. पाऊस पडून गेल्यावर जा. काळीत पाय रुततो तेव्हा बरडीला वाफसा, म्हणजे काम करण्याजोगी बेताची ओल, आलेला असतो.